लीक टेस्ट

उद्यमनगरात आमच्या शेडमध्ये एक हौद आहे.
ओतीव पंप-बॉडी आली की तिची तोंडं बंद करायची,
आत हवा भरायची, पाण्यात बुडवायची
आणि बघत राहायचं.
बुडबुडा आला की जॉब बाद.
खडूनं फुली. एवढंच माझं काम,
एकवीस वर्षं.

दस्तगीर शिकलगार याच हौदावर माझ्या जोडीला होता.
पोहायला शिकला कळंब्याकडच्या विहिरीत, पाठीला पत्र्याचा डबा बांधून.
दम धरायला शिकला इथं:
जेवणाच्या सुट्टीत तोंड बुडवून बसायचा,
मी घड्याळ बघायचो,
आणि फोरमन ओरडायचा, "आरं, त्यो लीक हाय का बघतोयस काय?"

मग समुद्रावर गेला, तेलाच्या पायपा जोडायला.
घरात सांगितलं, बोटीवर आहे.
बोटीच्या खाली आहे, हे
त्याच्या आईला शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही.

परवा आला. डाव्या कानानं कमी ऐकतो आता.
चहा बशीत ओतला, फुंकर मारायची विसरला,
आणि म्हणाला, "पाणबुडी बघून आलो."

कुणाची, कुठल्या समुद्रात, बोलला नाही.
जुन्या लढाईतली. सत्तर मीटर खाली.
सत्तर म्हणजे? तर दारातून बोट दाखवलं:
"ती फौंड्रीची चिमणी. एकावर एक, तीन ठेव."

एक दोर असतो. तो धरून उतरायचं.
आधी हिरवं, मग निळं, मग नुसतं पाणी.
तिथं रक्तही काळंच दिसतं म्हणे.
मग बॅटरीच्या उजेडात एकदम भिंत,
भिंतीवर फाटकी जाळी, जाळीत अडकलेली जाळी.
त्यानं हात फिरवला. पात्याला धार लावणाऱ्यांचा हात,
शिंपल्यांच्या खरवडीखालीही
वेल्डिंगची शीर त्याला बरोबर लागली.
"चांगलं काम हुतं रं. कुणीतरी जीव लावून केल्यालं."

वर एक झाकण. झाकणावर चाक,
आपल्या गेट व्हॉल्व्हला असतं तसलंच.
हात आपोआप गेला.

"फिरवलंस?"

"न्हाई. आत माणसं हाईत."

हाईत म्हणाला. हुती नाही.
बशीवर साय धरली होती.

मग सांगितलं ते थेंबाचं.
शेपटाकडं एक फट आहे, केसाएवढी.
तिच्यातून तेलाचा एक थेंब फुगतो,
सुटतो, काळा, गोल,
आणि वर निघतो, कसली घाई नाही.
दुसरा यायला अकरा मिनिटं.
"तुला कसं कळलं अकरा?"
"मोजलं की. खाली वीसच मिनिटं हुती माझ्याकडं."

वर यायला मात्र दीड तास.
दोराला लटकायचं, थांबायचं, परत थोडं वर, परत थांबायचं.
घाई केली तर रक्तातच बुडबुडे.
"मग आपलाच जॉब बाद," तो हसला,
मी हसलो नाही.
तो लटकलेला असताना ते थेंब
त्याच्या खांद्याजवळून वर जात होते,
एकेक,
त्यांना कुठंच थांबायचं नव्हतं.

ऐंशी वर्षं तरी झाली असतील, म्हणाला.
मी मनात गुणाकार सुरू केला आणि सोडून दिला.

तो गेला. संध्याकाळी शेवटचा जॉब हौदात सोडला.
नियम दोन मिनिटांचा.
दोन झाली. पाणी गप्प.
हेल्पर पोरगं पास लिहायला खडू घेऊन उभं,
"मामा, झालं की."

"थांब," म्हटलं,
"अजून नऊ."